मावशी, हात मागे घ्या

“ट्रान्सव्हर्स मायलायटिस,” एमआरआयची फिल्म उजेडाला धरून डॉक्टर म्हणाले. “म्हणजे मज्जारज्जूला आलेली सूज. मेंदूचा निरोप कमरेपर्यंत येतो, पुढे पायांपर्यंत पोचत नाही.”

मी विचारलं, “पण मी चालेन ना?”

“काही जण चालतात, काही थोडंफार चालतात, काही नाही. आज सांगता येणार नाही.”

तेव्हा मला त्यांचा भयंकर राग आला. आता वाटतं, खोटी आशा न लावणारा डॉक्टर मिळाला हे माझं नशीबच.

सुरुवात अगदी साधी होती. पेणला पापडाच्या कामावर बसले असताना पायांना मुंग्या आल्या. बसून अवघडले असतील म्हणून सोडून दिलं. संध्याकाळी जित्याला, आमच्या गावी, घरी येताना एक चप्पल पायातून निसटली तरी मला कळलं नाही. सकाळी उठताच येईना, लघवीही अडकली. असं काही झालं तर पाठीला तेल चोळत बसू नका, त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा. आमच्याकडे आधी चोळूनच झालं होतं.

स्टेरॉइडची इंजेक्शनं झाली. सूज उतरली, पण पाय ढिम्म हलेनात. हात मात्र शाबूत होते. मिस्टर कंपनीत शिफ्टला, सासूबाईंचे गुडघे गेलेले. मला उचलणार कोण? म्हणून रोह्याला वृद्ध आणि अपंगांसाठीच्या एका निवासी केंद्रात मला ठेवलं. “सुनेला म्हाताऱ्यांत नेऊन टाकली,” असं नातेवाईक बोलले. मलाही तसंच वाटत होतं. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती मी. पहिले काही दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

मग फिजिओथेरपीच्या मॅडम आल्या. म्हणाल्या, “पलंगावरून व्हीलचेअरमध्ये एकट्याने यायला शिका आणि घरी जा. ते जमलं नाही तर घरी तुमच्यामागे सासूबाईंची कंबर जाईल.”

याला ट्रान्सफर म्हणतात. पलंग आणि खुर्चीच्या मध्ये एक गुळगुळीत फळी ठेवायची आणि हातांवर अंग उचलत तिच्यावरून सरकायचं. ऐकायला सोपं आहे. करताना कळतं की आपले पाय म्हणजे दुसऱ्याचं सामान आहे आणि ते आपल्यालाच वाहायचं आहे.

आणि माझ्या वाटेत उभी होती कोण, तर सुलभामावशी. केंद्रात आमचं सगळं तीच करायची. जीव लावणारी बाई. मी फळी लावली की आलीच धावत, काखेत हात घालून मला उचलून खुर्चीत ठेवायची.

“कशाला जिवाला त्रास गो बाय? मी हाय ना!”

ती होतीच. पण ती जित्याला येणार नव्हती.

एकदा ती नाश्ता वाटत असताना मी एकटीने सरकायला गेले. खुर्चीचा ब्रेक लावायला विसरले आणि धाडकन खाली आले. हाड वाचलं. बोलणी मात्र मावशीने खाल्ली, आणि केंद्राच्या व्यवस्थापकांनी फर्मान काढलं, “यापुढे यांनी एकट्याने काही करायचं नाही.”

त्या दिवशी मला रडू आलं नाही, संताप आला. व्यवस्थापकांना बोलावून घेतलं आणि म्हटलं, “पडले ती ब्रेक विसरले म्हणून. मावशीला शेजारी उभी ठेवा, पण मला हात लावू देऊ नका. पडायला लागले तरच धरायचं.” मॅडम माझ्या बाजूने उभ्या राहिल्या, म्हणून ते तयार झाले.

मावशीला हे जड गेलं. मी धापा टाकत अर्ध्या फळीवर अडकले की तिचे हात आपोआप पुढे यायचे. मी ओरडायचे, “मावशी, हात मागे घ्या!” ती बिचारी शाळेतल्या मुलीसारखी हात मागे बांधून उभी राहायची आणि डोळे पुसायलाही हात मोकळा नाही म्हणून कुरकुरायची. पुढे समोरच्या पलंगावरच्या आजीच पंच झाल्या. मावशी जराशी हलली की त्या खणखणीत आवाजात म्हणायच्या, “हात मागं गो! तिचं तिला करू दे!”

पापडाचं पीठ कुटून कमावलेले दंड कामी आले. आधी अर्ध्या फळीपर्यंत, मग पाऊण, मग एक दिवस मी खुर्चीत होते आणि आजी टाळ्या वाजवत होत्या. मावशी माझ्या गळ्यात पडून रडली. तेव्हा मात्र मी तिला हात मागे घ्यायला सांगितलं नाही.

माझ्यासारखं कुणी असेल तर एवढंच सांगते, माया करणाऱ्यांना थांबवायला लाजू नका. आणि माया करणाऱ्यांनो, उभे राहा, पण थांबा.

घरी आले तेव्हा मिस्टरांनी उंबऱ्याला फळ्यांचा उतार करून ठेवला होता. संध्याकाळी खुर्चीचा ब्रेक लावून, फळी ठेवून मी पलंगावरून खुर्चीत यायला निघाले. मध्येच अडकले, दंड थरथरायला लागले. मिस्टर झेपावले.

“हात मागं घे रे!” सासूबाई कडाडल्या. रोह्याला भेटायला येऊन त्या सगळं शिकून गेल्या होत्या. मिस्टर जागच्या जागी थबकले, हात मागे बांधून. डोळे भरलेले.

मी श्वास घेतला, अंग उचललं आणि खुर्चीत बसले. पाय नीट ठेवले, ब्रेक पुन्हा तपासला.

मग म्हटलं, “आता द्या हात.”