लागू न पडलेली गोळी

तुमच्या आजोबांच्या हृदयात स्टेंट बसवून त्यांना गोव्याहून घरी आणलं, तेव्हा गुठळी होऊ नये म्हणून डॉक्टरांनी एक गोळी रोज घ्यायला सांगितली होती. तीच गोळी त्यांचे धाकटे भाऊ कित्येक वर्षं घेत आहेत आणि अजूनही मालवणच्या बाजारातून स्वतः बांगडे निवडून आणतात. त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो.

महिन्याभरात स्टेंट गुठळीने बंद झाला आणि पुन्हा गोव्याचं इस्पितळ गाठावं लागलं. गोळ्या चुकवतात का, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं. एकही चुकली नव्हती. मीच त्या हातावर ठेवत होते. मग ते म्हणाले, काहींच्या यकृताला ही गोळी कामाला लावताच येत नाही. जनुकांची तपासणी केली तर कळेल. दुसरी गोळी जोरकस होती, पण आजोबांचा अल्सर पूर्वी एकदा फुटला होता. तिच्यामुळे पोटात रक्तस्राव होण्याची भीती होती. रक्त मुंबईला पाठवलं आणि अहवाल येईपर्यंत जुनीच गोळी चालू राहिली. ती देताना वाटायचं, आपण त्यांना खडू भरवतोय.

भाऊ इस्पितळात आले ते स्वतःच्या गोळ्यांची पट्टी घेऊन.

"दादा, ह्यातली घे. माका लागू पडली, तुका कशी पडाची नाय? एकाच आवशीचे मां आपण?"

आजोबांना बोलतानाही धाप लागत होती. "आवशीन तुका केस दिल्यान, माका टक्कल. ह्यांय तसांच आसतलां."

मी पट्टी उलटून नाव वाचलं. तेच औषध. तरी ती परत करवेना. उशीखाली, अंगाऱ्याच्या पुडीशेजारी ठेवली.

अहवालात डॉक्टरांचा संशय खरा ठरला. कारण कळलं की सुटका होईल, असं मी धरून चालले होते. झालं एवढंच, की जोरकस गोळी सुरू झाली आणि भीती छातीतून पोटात उतरली. शौच काळं दिसलं तर पोटात रक्त सुटलंय असं समजून तडक निघा, असं बजावून त्यांनी आम्हांला घरी पाठवलं. इथून गोवा किती लांब, ते तुम्हांला ठाऊक आहे.

तुम्हांला कधी गुठळीची गोळी दिली, तर आजोबांचं हे आधी सांगा. त्यांचं रक्त तुमच्यातही आहे.

आता रोज सकाळी ते पाणी न ओढता मला हाक मारतात. एवढ्या वर्षांच्या संसारात राखलेली लाज गेली. मी वाकून बघते, "ओढा" म्हणते, आणि मग चहा ठेवते.