उतरणीचा सराव

ऋचाचा पुण्याहून फोन आला तेव्हा मी लिफ्टमध्ये होते. ऑफिसला उशीर झालेला, नवव्या मजल्यावरून खाली निघालेले, आणि मोबाइलवर तिचा आवाज आला, "मावशी, आई..." आणि रेंज गेली. आमच्या लिफ्टमध्ये ती जातेच. पुढचं वाक्य काय असणार हे मला कळलं होतं. बाकीचे मजले मी त्या बंद पेटीत उभी होते आणि तळमजला येऊच नये असं वाटत होतं. दार उघडलं, फोन पुन्हा वाजला. ऋचाची आई, म्हणजे माझी शेजारीण, माझी मैत्रीण सुलभा, गेली होती. वयानं माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी आणि चपळपणात पंधरा वर्षांनी लहान. आता या गोष्टीला दीड महिना होऊन गेला.

नव्वदचं दशक संपता संपता आम्ही शारजात, अल नहदाला राहायला आलो. नवरा रुवैसच्या रिफायनरीत. सुट्टी तेव्हा गुरुवार-शुक्रवार, म्हणजे बुधवारी रात्री घरी येणार, शुक्रवारी संध्याकाळी परत जाणार. मधले सगळे दिवस मी, दोन मुलं आणि माझी नोकरी. एकदा लिफ्ट बंद पडली होती. मी भाजीच्या चार पिशव्या घेऊन पाचव्या मजल्याच्या वळणावर फतकल मारून बसले होते. जिन्यात एसी नाही, मे महिना, जीव नकोसा झालेला. तेवढ्यात पंजाबी ड्रेस आणि बूट घातलेली एक बाई पाठीवर मोठी सॅक घेऊन धपाधप वर गेली. मी मराठीत पुटपुटले, "बाई वेडी दिसते." वरून मराठीतच उत्तर आलं, "वेडी आहेच. पण दोन पिशव्या द्या इकडे." ही आमची ओळख.

ती बाराव्या मजल्यावर राहायची आणि इथल्या एका भारतीय शाळेत भूगोल शिकवायची. सॅकमध्ये दहा किलो बासमती होता. तो ती रोज संध्याकाळी गच्चीच्या दारापर्यंत चढवायची. का, तर पंधरा वर्षं फळ्यावर हिमालय काढला, पण बर्फ म्हणून पाहिला तो फक्त फ्रीजमधला. "मुलांना खिंड म्हणजे काय ते मी हातवारे करून सांगते गं," ती म्हणायची. "एकदा खिंडीत उभं राहायचंय मला. मनालीच्या वर अशी जागा आहे, एका बाजूला हिरवंगार आणि दुसऱ्या बाजूला उघडं वाळवंट. दोन्ही एकाच जागी उभं राहून दिसतं." मी म्हटलं, "वाळवंट बघायला मनालीला कशाला, माझ्या बाल्कनीत ये की." ती हसली, पण दुसऱ्या दिवशी माझ्या पाठीवर पाच किलोचं पोतं होतं.

मी मुळात आळशी बाई. पण सुलभाला नाही म्हणणं फार कठीण होतं, कारण ती आग्रह करायचीच नाही, बूट घालून दारात उभी राहायची. तिनं प्रत्येक मजल्याच्या वळणावर भिंतीवर पेन्सिलीनं नावं लिहिली होती. तिसऱ्याला देवदाराचं जंगल, सहाव्याला ओढा, नवव्याला, म्हणजे माझ्या दाराशी, तळ, आणि चौदाव्यावर गच्चीच्या दाराला खिंड. माझी मुलगी कपाळाला हात लावून म्हणायची, "Aai, please, not in front of my friends." आम्ही चौदा मजले चढायचो, खिंडीत पाणी प्यायचो आणि लिफ्टनं खाली यायचो. लिफ्टमधला तो गार वारा! मग पुन्हा वर. एका संध्याकाळी तीन वेळा. दोन महिन्यांत मला धाप लागेनाशी झाली आणि मी स्वतःवरच भारी खूश झाले.

त्या वर्षीच्या सुट्टीत दोन्ही घरं मनालीला गेली. माझ्या सासूबाईंना वर्षाकाठी मिळणाऱ्या पस्तीस दिवसांतले दहा दिवस कापले गेले, त्याबद्दल मी काय काय ऐकलं ते सोडा. पहिले तीन दिवस चारचौघांसारखे मजेत गेले. देवदारांमधलं लाकडी देऊळ पाहिलं, गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसलो, भाड्याचे कोट आणि गमबूट घालून रोहतांगच्या वाटेवरच्या मळकट बर्फावर फोटो काढले. माझा नवरा त्या केसाळ कोटात असा काही उभा राहिला की मुलांनी ओळख दाखवायचंच नाकारलं. सुलभा मात्र कशातच पुरती रमली नाही. बोलता बोलता तिची मान वर जायची. नदीच्या पलीकडे ढगात लपलेली एक खाच तिनं हेरून ठेवली होती.

चौथ्या दिवशी नवरे आणि मुलं हॉटेलात ठेवून आम्ही दोघी आठ जणांच्या एका गटाबरोबर निघालो. बरोबर टेकचंद नावाचा वाटाड्या. त्या खिंडीचं नाव मी लिहीत नाही. जी पाहिलीच नाही तिचं नाव घ्यायचा मला हक्क नाही. पहिला दिवस आमचाच होता! मुंबईची तरणीताठी पोरं दर दहा पावलांना कमरेवर हात ठेवून उभी राहत होती आणि आम्ही दोन शारजाच्या काकू गप्पा मारत वर. दुपारी धारेवर पोहोचलो आणि मग उतार सुरू झाला. खाली कुरणात आमचे तंबू दिसत होते, हात लांबवला तर सापडतील इतके जवळ. अर्ध्या तासात माझे पाय लटपटायला लागले. मग डावा गुडघा असा काही दुखायला लागला की मी बसून, घसरत, शेवटी सुलभाच्या खांद्यावर ओझं टाकून उतरले. टेकचंदला काही उमगेना. "दीदी, चढ़े तो आप सबसे अच्छा. प्रॅक्टिस कहाँ किया?" मी म्हटलं, "बिल्डिंग में." "और नीचे कैसे आते थे?" आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. सुलभा बारीक आवाजात म्हणाली, "लिफ्ट से." तो बिचारा इतका हसला की त्यालाच खाली बसावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा भोपळ्याएवढा झाला होता. बाकीचे खिंडीपर्यंत जाऊन संध्याकाळी त्याच तळावर परतणार होते. तळावर स्वयंपाकी थांबणारच होता, म्हणजे मला धोका कसलाच नव्हता. सुलभा बूट बांधून तयार होती. मी तिला म्हटलं, "तू जा." हे मी म्हटलं, हे खरं आहे. पण तिचा हात मी सोडला नाही, हेही खरं आहे. धुकं उतरत होतं, अनोळखी जागा, मला एकटीला राहायची भीती वाटली. तिनं एकदा वर पाहिलं, खाली बसली आणि बुटांच्या नाड्या सोडल्या. "खिंड कुठे पळून जातेय? पुढच्या वर्षी येऊ."

परत आल्यावर तिनं लिफ्ट सोडली. चढायची पायी आणि उतरायचीही पायी. माझी बेल वाजवायची, "चल, उतरणीचा सराव करू." मी गुडघ्याचं कारण सांगायचे, मुलांच्या परीक्षा सांगायचे, नवरा आलाय म्हणून सांगायचे आणि काहीच नसलं की म्हणायचे, "उद्या, इन्शाल्ला." इथल्या इन्शाल्लाचा अर्थ बहुतेक वेळा 'नाही' असाच, हे आम्हा दोघींना चांगलं ठाऊक होतं. तिनं कधी तोंड वाकडं केलं नाही. एकटीनं जावं असंही तिच्या मनात आलं नाही, मी विचारलं तर म्हणाली, "दोघींनी जायचं ठरलंय." पुढच्या वर्षी ऋचाची बारावी आली, त्याच्या पुढच्या वर्षी माझ्या सासूबाईंचं ऑपरेशन. आणि मग सुलभाला चढताना धाप लागायला लागली. डॉक्टरांनी छातीचे फोटो काढले आणि पुढचं सगळं बदलून गेलं.

उपचारांसाठी पुण्याला जायच्या आदल्या दिवशी मी वर गेले. घरभर खोकी, ती खिडकीशी खुर्चीत, अंगावर ऐन उकाड्यात शाल. इतकी वर्षं ओठांवर आलेलं मी एकदाचं बोलून टाकलं. "तुझी खिंड माझ्यामुळे राहिली." मला वाटलं, ती छे छे म्हणेल. तिनं जरा विचार केला. "हो, राहिली," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? फार वाईट वाटलं होतं. तू तंबूत घोरत पडलीस आणि मी दिवसभर बाहेर बसून त्या खाचेकडे बघत होते. राग आला होता तुझा... संध्याकाळी तू लंगडत चहा घेऊन आलीस, अर्धा सांडलास वाटेत. मग गेला." शाल सारखी करत तिनं विचारलं, "जिना उतरलीस का गं कधी, नंतर?" मी नकारार्थी मान हलवली. "उतर एकदा," ती म्हणाली. "सोपं आहे, फक्त घाई करायची नाही." मी तिचा हात धरून रडले. तिनंच मला थोपटलं.

ऋचाचा तो फोन आल्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी मी जिन्याचं दार ढकललं. तोच कोंदट वास, भिंतीवर पुसट झालेलं 'तळ'. कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेले. आठवा मजला, सातवा. सहाव्याच्या वळणावर, 'ओढा' लिहिलंय तिथे, गुडघ्यानं तक्रार सुरू केली. आणि तिथेच कोपऱ्यात प्लास्टिकचं पांढरं स्टूल होतं. मी बसले, मला वाटलं दिवा-बिवा बदलताना कुणी विसरलं असेल. खालून आमचे वॉचमन कोयाभाई येत होते, मला पाहून थबकले. म्हणाले, "आप नाइन का मॅडम है ना? ये आपका ही है. ट्वेल्थ का मॅडम रखा था. बोला, नाइन का मॅडम उतरेगा, उसका घुटना में दर्द है, इधर बैठेगा, हटाना नहीं. चेकिंगवाला आता है तो मैं अंदर रखता है, फिर वापस लाता है."

"कब रखा?" मी विचारलं.

"बहुत हो गया मॅडम. तीन साल."

जिना चढता येत होता तोवर ती रोज त्या स्टुलावरून पुढे गेली होती. मला त्याबद्दल एका शब्दानं बोलली नाही. मी बेलचं उत्तर इन्शाल्लानं देत राहिले आणि ती खाली माझी बसायची सोय करून ठेवत राहिली. त्या दिवशी मी तिथे किती वेळ बसले कोण जाणे. मग उठले आणि उरलेले मजले उतरले. आता रोज उतरते. ऋचाला फोन करून विचारलंय, जुलैत मनालीला येशील का माझ्याबरोबर. ती हो म्हणाली. परवा कोयाभाईंनी मला सहाव्या मजल्यावरून न बसता पुढे जाताना पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, अब हटा दूँ?"

मी म्हटलं, "रहने दो. अभी प्रॅक्टिस चल रही है."