हसणाऱ्यांची नावं

आमच्या गावाच्या फेसबुक ग्रुपवर मी पहिल्यांदाच काही लिहिलं. एसटी स्टँडवरच्या बायकांच्या स्वच्छतागृहाला कायम कुलूप असतं, ते उघडा, एवढंच. थोड्याच वेळात कुणा अनोळखी माणसाने खाली लिहिलं, "बाईमाणसाने घरी बसावं, म्हणजे कुलपाचा त्रास होत नाही." त्यावर हसरे चेहरे जमू लागले. कोण हसतंय म्हणून मी नावं उघडून पाहिली. त्यात सुधीर होता, माझा धाकटा भाऊ.

परक्याचं बोलणं आपण झटकून टाकतो. आपल्या माणसाचं हसू मात्र आत जाऊन बसतं. तो तान्हा असताना मीच टाळ्या वाजवून त्याला हसवायची, आणि तो हसला की मला केवढं काही मिळाल्यासारखं वाटायचं. तेच हसू आज माझ्यावर होतं, आणि माझ्याकडे पाठ करून.

रविवारी तो जेवायला आला तेव्हा मी विचारलं, "सुधीर, तू त्या कमेंटवर हसलास?"

"अगं ताई, गंमत होती ती. सगळेच हसत होते." त्याने आमटी वाढून घेतली. "आणि तू तरी चारचौघांत असलं कशाला लिहितेस? आपल्या घरात कुणाला अडलंय?"

त्याचीच मुलगी त्या स्टँडवरून कॉलेजला जाते. तीच मला म्हणाली होती, "आत्या, मी निघताना पाणीच पीत नाही. पण बाबांना सांगू नकोस हं, त्यांना लाज वाटेल."

मी सांगितलं नाही. लिहिलेलं मात्र काढलंही नाही.