हरलेल्यालाही दुसरा सामना असतो

सतीश, पोटच्या पोराचा सामना होता आणि तुझा त्याला साधा फोनसुद्धा नाही.

घरच्या ग्रुपवरच्या मंडळी, राम राम. अमेरिकेतल्या कॉलेजांच्या बेसबॉल स्पर्धेत माझ्या नातवाचा, सतीशच्या निहारचा संघ आज हरला. इथे आयर्लंडमध्ये, ओंगारला लेकीच्या घरी लॅपटॉपवर बघितलं.

मी म्हटलं, "संपलं, बंद कर ते."

नात म्हणाली, "नो आजी, इट्स ग्रँड! काही बिघडलं नाही. दोनदा हरल्यावरच घरी पाठवतात."

सतीश, त्यानं इंजिनिअरिंग सोडलं म्हणून वर्षभर तू त्याच्याशी बोलला नाहीस. तिथले परके लोक हरलेल्याला दुसरा सामना देतात, तू बाप असून पहिल्याच खेपेला बाद केलंस.

तुम्हा दोघांचे निरोप पोचवून मी दमले. उद्या पुन्हा खेळायचंय त्याला. त्याआधी फोन करशील का?

उत्तर सतीशनंच द्यायचं. बाकीच्यांनी हात जोडलेली चित्रं टाकू नयेत.