सहा सूत आणि दोन गाड्या

कोल्हापूरहून निघताना बायकोने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली आणि विचारलं, "गाड्या बघायला चाललाय की घ्यायला?" मी म्हटलं, बघायला, पण पसंत पडल्या तर घ्यायला. "मग पांढरा शर्ट कशाला घातलाय? गाडीखाली शिरायचं नाही का?" एस.टी. साताऱ्याला पोचेपर्यंत मी तो प्रश्न डोक्यात घोळवत बसलो होतो.

जायचं कारण नामदेवचं पत्र. नामदेव आणि मी पिंपरीच्या एका कारखान्यात एकाच दिवशी टर्नर (लेथवर लोखंड कातणारा कामगार) म्हणून लागलो होतो. तिथल्या एका गोऱ्या साहेबाच्या दोन स्पोर्ट्स गाड्या होत्या. दोन माणसांपुरत्या, बसक्या, एक लाल आणि एक हिरवी. साहेब मायदेशी गेला आणि गाड्या आवारात पडून राहिल्या. जेवणाच्या सुट्टीत आम्ही त्यांच्याखाली शिरायचो. कधीतरी या आपणच घ्यायच्या, नीट करायच्या, विकायच्या आणि स्वतःचं वर्कशॉप टाकायचं, असं आम्ही ठरवून टाकलं. बाविसाव्या वर्षी काहीही ठरवून टाकता येतं. पुढे मी कोल्हापूरला तंत्रशाळेत ड्रॉइंगचा मास्तर झालो, नामदेव मागे राहिला, आणि मध्ये पंधरा वर्षं गेली.

आता त्याने लिहिलं होतं की गाड्या मी गेल्यावर लगेच एका कंत्राटदाराने घेतल्या होत्या, तो त्या आता विकतोय. "पुढच्या चाकांच्या खुंट्या मी करून ठेवल्यात. येऊन बघा, मग ठरवू." खुंटी म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं तो पोलादी दांडा; एका गाडीला दोन, दोन गाड्यांना चार. तो झिजला की गाडी रस्ता धरत नाही, आणि या गाड्यांचा तर विलायतेशिवाय कुठे मिळत नाही. खुंट्या आहेत म्हणजे निम्मं काम झालं, असं मी मनात म्हटलं. फक्त त्या 'बघा'मुळे जरा खट्टू झालो. आमच्यात कधी 'अहो-जाहो' नव्हतं, त्याच्यासाठी मी नुसता वश्या होतो.

पुण्याला उतरून सवयीने पिंपरीची बस पकडली आणि जुन्या कारखान्याच्या फाटकासमोर उतरलो, तेव्हा आठवलं की कंपनी सोडल्याचं नामदेवने लिहिलं होतं, तो आता भोसरीला राहतो. चूक झालीच होती, म्हणून जरा वेळ तिथेच उभा राहिलो. पहिली शिफ्ट सुटत होती. रखवालदार एकेकाचा डबा उघडायला लावून आत बोट घालून बघत होता. आमच्या वेळी एवढा कडकपणा नव्हता. मला त्याची गंमत वाटली आणि मी हसलो. ते हसू आठवलं की अजून माझी मलाच लाज वाटते.

भोसरीला पोचेपर्यंत ऊन कललं होतं. जिथे मेंढरं चरताना पाहिली होती त्या माळावर आता पत्र्याच्या शेडच शेड. प्रत्येक शेडमधून लेथची घरघर आणि जळक्या तेलाचा वास. नामदेव एका शेडबाहेर भेटला. केस पांढरे झालेले, दंड मात्र तेच. "या मास्तर," म्हणाला आणि माझी पिशवी घेतली.

दोन खोल्या, वर पत्रा, भिंतीवर बुद्धाची तसबीर. सुमनवहिनींनी बाजरीची भाकरी आणि सुकटीची (वाळवलेल्या बारीक कोळंबीची) चटणी वाढली. मी दोनदा मागून घेतली. नामदेव हात धुवायला बाहेर गेला तेव्हा मी सहज विचारलं, "वहिनी, कंपनी का सोडली यानं?"

"सोडली?" वहिनी भाकरी थापायच्या थांबल्या. "असं लिवलं व्हय तुमाला? अवो, काढलं त्यांना. सुट्टीत ह्या खुंट्या कातायचे आनि भाकरीखाली दडवून डब्यातनं आनायचे. तीन आल्या. चवथीला फाटकावर डबा उघडला. चोर म्हनून काढलं. तवापास्नं ह्या शेडात रोजावर हायेत."

मी हातातला तुकडा ताटात ठेवला.

"चवथी खुंटी?" मी विचारलं.

"ती हितं शेडात केली. म्हने, तीनावर दुसरी गाडी उभी ऱ्हात न्हाई."

नामदेव आत आला आणि वहिनी पुन्हा भाकरी थापायला लागल्या. माझी भूक मेली होती. तरी ताट रिकामं केलं.

सकाळी पहिल्या एस.टी.ने चाकणला गेलो. बसमध्ये माणसांपेक्षा कांद्याची पोती जास्त. हिरवी गाडी कंत्राटदाराच्या आवारात, कांद्याच्या चाळीला लागून उभी होती. टप (कापडी छत) फाटलेलं, दिवे गेलेले, टायर जमिनीत रुतलेले. राखणदार म्हातारा आधीच पुढे धावला.

"थांबा राव, अंडी काढून घेतो. डायवरच्या शिटवर बसती ती."

"कोण?"

"कोंबडी! दुसरं कोन बसनार हाय तिच्यात?"

नामदेव हसला. आल्यापासून त्याला हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. तो पाठीवर पडून गाडीखाली सरकला आणि हातोडीने ठोकत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेला. सांगाडा खणखणत होता. "आयला, एक नंबर!" खालून आवाज आला. "पत्रा सडलाय, पर सांगाडा धड हाय. इंजिन मोकळं व्हतंय. हिचा पत्रा सोडायचा, लाल गाडीचा धरायचा. पयली एक उभी करायची, ती विकून दुसरी." मी बाहेर उभा राहून त्याने सांगितलेलं वहीत लिहून घेत होतो. परत येताना एस.टी.त तो सारखा बोलत होता. भोसरीत भाड्याने मिळेल अशी शेड त्याने बघून ठेवली होती. पाटीवर काय रंगवायचं तेही ठरवलं होतं, माझं नाव आधी आणि त्याचं नंतर.

"तुझं आधी," मी म्हटलं.

"न्हाई, तुमी शिकलेले," तो म्हणाला.

लाल गाडी भोसरीलाच, कंत्राटदाराच्या गुदामात होती. किल्ली नामदेवने मागून आणली होती. इतकी वर्षं गाडी कुलपात, त्यामुळे खुंट्या लावून बघायची संधी त्यालाही आज पहिल्यांदाच मिळत होती. आधी त्याने हिचाही सांगाडा ठोकून बघितला, तोही तसाच खणखणला. मग जॅक लावून त्याने चाक उतरवलं, झिजलेली खुंटी ठोकून काढली, भोक फडक्याने स्वच्छ पुसलं. मग बिस्किटाचा डबा उघडला. तेलात भिजवलेल्या कापडात चार खुंट्या निजवल्या होत्या. पंधरा वर्षांत गंजाचा एक ठिपका नाही. मी आयुष्यभर ड्रॉइंग शिकवलं, पण कागदावरचं असं तंतोतंत लोखंडात उतरलेलं क्वचितच पाहिलं.

त्याने एक खुंटी भोकात सरकवली. ती अंगठ्याने दाबत दाबत आत जायला हवी. ती सरळ आरपार जाऊन खाली फरशीवर पडली.

त्याने ती उचलली, पुसली, पुन्हा घातली. पुन्हा पडली. मग दुसरी घेतली.

"हात हलला माजा," तो पुटपुटला. खिशातून मापाचं हत्यार काढून त्याने चारही खुंट्या मोजल्या. अठरा, अठरा, अठरा, अठरा. हात हलला नव्हता. मग त्याने डब्याच्या तळातून घडी घातलेला कागद काढला. वळणदार अक्षर, लाल शाईची रेघ, कोपऱ्यात माझी सही. 'व्यास १८ मि.मी.' कोल्हापूरला जायच्या आदल्या दिवशी मी त्याला दिलेलं ड्रॉइंग.

त्याने भोक मोजलं, मिलिमीटरात नाही, जुन्या इंचाच्या पट्टीने. सहा सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आम्ही कामाला लागलो तेव्हा मापं सुतातच चालायची, मिलिमीटर नुकते येत होते, आणि एक सूत म्हणजे तीन मिलिमीटर असं आम्ही ढोबळ धरून चालायचो. सूत त्याहून किंचित मोठं असतं. सहा सुतांत तो फरक मिलिमीटरभर वाढतो.

नामदेव कागदाकडे बघत राहिला. मग माझ्याकडे.

"वश्या," तो म्हणाला, "सहा त्रिक अठरा केलंस व्हय रं तू?"

दोन दिवसांत पहिल्यांदा तो मला 'तू' म्हणाला होता.

मी मान हलवली. मग घाईघाईने बोलत सुटलो. दुसऱ्या खुंट्या करू, एका दिवसाचं काम आहे, गाड्या चांगल्या आहेत, दोन्ही मी घेतो, शेडही घेतो, पाटीवर फक्त तुझं नाव. माझंच बोलणं मला किळसवाणं वाटत होतं, तरी थांबवत नव्हतं.

"व्हय, एका दिसाचंच काम हाय," तो म्हणाला. "गाड्या ब्येस हायेत. तू घे. मी न्हाई."

"नामदेव, चूक झाली रे."

"माजी न्हाई झाली," तो म्हणाला. "कागदाबरहुकूम हायेत." त्याने खुंट्या एकेक पुसून कापडात गुंडाळल्या, डब्यात ठेवल्या आणि चाक होतं तसं परत बसवलं. सगळे नट पक्के आवळले. गाडी विकत घ्यायची नसली तरी त्याने एकही नट सैल सोडला नाही.

त्याच्याशिवाय गाड्या घेऊन मी काय करणार होतो? माझे हात खडूचे. वहिनींनी वाटेसाठी भाकरी बांधून दिली, तेव्हा मला त्यांच्या तोंडाकडे बघवलं नाही. नामदेव फाट्यापर्यंत सोडायला आला. बस आली तेव्हा "या मास्तर" म्हणाला आणि शेडकडे वळला.

घरी पोचलो तेव्हा बायकोने शर्ट हातात घेऊन उलटापालटा केला. एक डाग नव्हता. "घेतल्या नाहीत वाटतं?" तिने विचारलं. "सांगाडे गंजले होते," मी म्हटलं. शाळेत, गल्लीत, जो विचारेल त्याला मी हेच सांगत आलो. लोक म्हणतात, बरं झालं, वाचलात. प्रवासाहून आलेल्या माणसाने पाहिलं ते सांगावं अशी अपेक्षा असते, म्हणून आज लिहितो. दोन्ही सांगाडे धड होते.