पपईच्या पानातलं ऊन

शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत एक पान पास व्हायला हवं होतं. खरं पान नव्हे, कॉम्प्युटरवर केलेलं. नाही झालं, तर सोमवारी मला पुण्याला हजर व्हायचं होतं, आणि रनाळ्याच्या घरात आबा, म्हणजे माझे वडील, एकटे राहणार होते.

आबांना लकवा मारला म्हणून मी गावी आले होते. उजवी बाजू गेलेली, चालणं काठीच्या चार पावलांवर, बोलणं एखाद-दुसऱ्या शब्दावर आलेलं. आई नाही, भाऊबहीण नाही. शर्टाच्या बटणापासून तोंडातल्या घासापर्यंत सगळं माझ्याकडे. मी पुण्यातल्या एका स्टुडिओत झाडं बनवते. जाहिरातीत जी वेल झुलते, जे जंगल दिसतं, ते पुष्कळदा कुणीतरी खुर्चीत बसून केलेलं असतं. साहेबांनी घरून काम करायची मुभा दिली ती महिन्यापुरती, आणि महिना संपता संपता अट घातली. एका जाहिरातीत दोन सेकंद पपईचं पान दिसणार, अगदी जवळून, मागे ऊन. "हे जमलं तर पुढचं सगळं तिथूनच कर. नाहीतर इथे ये, किंवा राजीनामा दे."

मी हसलेच. पपई? अहो, आमच्या शिवारात मिरची आणि पपई सोडून दुसरं आहे काय! परसातलं एक पान तोडलं, स्कॅनरवर ठेवलं आणि कामाला लागले. तीनदा पाठवलं, तीनदा परत आलं. पहिल्यांदा "प्लास्टिक वाटतंय." दुसऱ्यांदा "रेक्झिन वाटतंय." तिसऱ्यांदा नुसतंच "नाही." हसू कुठल्या कुठे पळालं. रात्री झोप लागेना, सकाळी चहा गोड लागेना.

पानावर पडलेलं ऊन थोडं वरच्या वर परत फिरतं आणि थोडं पानातून आरपार येतं. कॉम्प्युटरला दोन्ही दाखवावं लागतं, पान वरून कसं दिसतं आणि उन्हाच्या आड धरल्यावर कसं दिसतं. मी आरपारसाठीही स्कॅनरवरचाच फोटो दिला होता, जरा उजळ करून. त्यात काही चुकलंय असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. लहानपणापासून बघितलेलं पान, ते पुन्हा काय बघायचं?

शुक्रवारी दुपारचे तीन वाजले. आबा माझ्या मागे खुर्चीत बसले होते. चाळीस वर्षं पपई लावलेला माणूस. रोज सकाळी झाडाखाली उभं राहून मान वर करायचे आणि एकेक पान उन्हाच्या आड बघायचे. रोगाचा डाग वरून दिसायच्या आधी खालून दिसतो, असं म्हणायचे. त्यांनी स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाले, "नही."

"काय नही?"

"नही." डाव्या हाताचा पंजा त्यांनी उलटा केला, सुलटा केला, पुन्हा उलटा केला.

आधीच साहेबांच्या "नाही"ने जीव टांगणीला लागलेला, त्यात हे. माझं डोकंच फिरलं. "तुम्हले यान्हामा काय समजस? गप बसा ना! तुम्हनासाठेच मरी ऱ्हायनी मी!"

मी कानावर हेडफोन चढवले.

चार वाजता पाणी प्यायला उठले तर मागची खुर्ची रिकामी. मागचं दार उघडं. उंबऱ्याशी त्यांची काठी आडवी पडलेली. मी तशीच बाहेर धावले.

परसात बुटक्या पपईखाली आबा उताणे पडले होते. डाव्या मुठीत पानाचा मोडका देठ, बोटांवर पांढरा चीक. पपईचा देठ पोकळ असतो, त्यावर कुणी भार टाकत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पान खाली ओढून बघायला गेले असतील, तोल गेला असेल आणि हाताला तेवढंच लागलं असेल.

"आबा! लागनं का?"

"नही." श्वास नीट चालला होता. डोळे माझ्यावर होते. मी मातीत बसले, त्यांच्या मानेखाली डावा हात घातला, उचलायला वाकले आणि जोर लावताना माझी मान वर झाली.

डोक्यावर एक पान होतं आणि त्याच्यामागे ऊन. ते पान हिरवं नव्हतंच. पिवळं होतं, कोवळ्या मक्याच्या कणसासारखं, आणि त्यात शिरा न् शिरा उजळलेली. वरच्या दुसऱ्या पानाची सावली त्यावर काळीशार, कात्रीने कापल्यागत. स्कॅनरवरच्या फोटोत यातलं काही म्हणजे काही नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! आबांचा पंजा उलटा-सुलटा का होत होता, ते मला तेव्हा कळलं.

डावा हात त्यांच्या मानेखाली तसाच ठेवून मी उजव्या हाताने मोबाईल काढला. एक फोटो घेतला. दुसरा घेतला. तेवढ्यात ढग आला. मी थांबले. ढग जाईपर्यंत थांबले, आणि मग तिसरा घेतला. त्या वेळात मी आबांच्या तोंडाकडे एकदाही बघितलं नाही. हे लिहिताना मला स्वतःची लाज वाटते.

मग त्यांना उचललं. कसं उचललं ते आठवत नाही. डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी पाय हलवून बघितले, हाड शाबूत होतं, कोपर तेवढं सोललेलं. आबांना खाटेवर निजवून मी पुन्हा खुर्चीत बसले. आरपारसाठी मोबाईलमधला फोटो घातला. सहाला दहा मिनिटं कमी असताना पान पाठवलं आणि देवाचं नाव घेत बसले.

साहेबांचा मेसेज आला. "हे पान आहे. तिथूनच कर."

मी रडत रडत आबांच्या खाटेशी गेले. "आबा, पान पास व्हयनं! मी पुन्याले नही जास. आठेच राहसू, तुम्हना संगे."

आबांचे ओठ हलायला लागले. लकव्यानंतर इतकं लांब ते पहिल्यांदाच बोलले, एकेक शब्द ओढून काढत.

"पहिले... माले... उचलनं व्हतं."