एकाच उडीचं रीळ

जानेफळात माझा फोटो स्टुडिओ आहे आणि माझा कुणावर विश्वास नाही. मांडवात काम करणाऱ्या माणसाला तो परवडत नाही. 'काका, धरतो ना मी लाइट' म्हणणारा प्रत्येक जण पहिली पंगत बसली की लाइटसकट गायब होतो. या सावधपणामुळे इतक्या वर्षांत माझ्या हातून एकही लग्न वाया गेलेलं नाही. एका लग्नात नवरदेवापेक्षा करवलाच सगळ्या फोटोंत नीट आला होता, पण त्याला वाया जाणं म्हणत नाहीत.

गणपती उठल्यावर एके सकाळी खत-बियाण्यांच्या दुकानदाराचा मुलगा स्टुडिओत आला. वय अठ्ठावीसच्या आसपास, दुकानात बसण्याऐवजी मोबाईलवर छोट्या फिल्मा काढतो, म्हणून सगळं गाव त्याला डायरेक्टर म्हणतं. आता तो सुपरहिरोचा पिक्चर काढत होता. त्याने मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. परदेशात कुठल्याशा सुपरहिरोचा नवा पिक्चर डिजिटल सोडून खऱ्या रिळावर शूट होतोय, आणि पिक्चर यायला अजून वर्ष असताना त्याची वाट पाहणारे लोक एकेका फोटोवरून भांडतायत, अशी ती बातमी होती.

"काका, तुमच्यापाशी तो चावीचा कॅमेरा हाये ना?"

होता. सोळा मिलिमीटरचा, चावी दिली की अर्धं मिनिट करकर करत चालणारा. अकोल्याच्या एका बातम्यावाल्याकडून मी तो जुन्या सायकलीच्या बदल्यात घेतला होता. गावाला वाटायचं, मी त्यावर बरंच काही काढलंय. मी तसं वाटू दिलं होतं. खरं म्हणजे तो काउंटरमागच्या फळीवर ठेवून गिऱ्हाइकांवर छाप पाडायची, एवढाच त्याचा उपयोग झाला होता.

"हाये की," मी म्हणालो. "त्याच्यावर हात बसलेला हाये आपला."

डायरेक्टरचा बेत असा होता: हिरो साधा माणूस असेल तोवर शूटिंग मोबाईलवर, आणि अंगात ताकद आली की रिळावर. मला हे पटलं. मोबाईलवर ताकद येत नाही, असं माझंही मत होतं. त्याने मुंबईच्या मित्राकडून तीन रिळं मिळवली होती. गोल पत्र्याच्या डब्यांतली, प्रत्येकी जेमतेम अडीच मिनिटांची.

हिरो होता बसस्टँडजवळचा टेलर. आम्ही सगळे त्याला मास्तर म्हणतो. चाळिशीचा, काडीसारखा, डोळ्यांवर चष्मा. हिरो शोधायच्या आधीच डायरेक्टरने त्याच्याकडे गडद निळा पोशाख आणि लाल झूल शिवायला टाकली होती. पोशाख तयार झाला तेव्हा गावातल्या एकाही तगड्या पोराला तो चढेना. माप कुणाचं घेतलं होतं, याची मी खोदून चौकशी केली. मास्तर म्हणाला, "अंदाजानं कापला, भाऊ." मग त्याने तो स्वतःच्या अंगात घालून दाखवला. असा बसला, की डायरेक्टरने तिथल्या तिथे त्यालाच हिरो केला.

स्टँडवर फ्लेक्स लागला. मुखवटा घातलेला निळा माणूस आणि खाली 'लवकरच'. त्या एका शब्दाने गाव येडं झालं. हॉटेलवर दोन पार्ट्या पडल्या. एकीचं म्हणणं, उडी दोरीवर असणार. दुसरीचं म्हणणं, कॉम्प्युटरवर असणार. खरी उडी असणार असं म्हणणारी तिसरी पार्टी नव्हती, कारण मास्तरला सगळे ओळखून होते. घरातला बल्ब गेला तर स्टुलावर त्याची बायको चढते.

पण उडी खरीच होती. गोदामाच्या धाब्यावरून, म्हणजे सपाट छतावरून, खाली सोयाबीनच्या कुटाराच्या, मळणीनंतर उरलेल्या भुशाच्या, ढिगात.

"म्या एकदाच मारीन," मास्तरने बजावलं. "दुसऱ्यांदा सांगसान तं तुमीच मारजा. पोशाख ढिला करून देतो."

एकदाच, हे ऐकल्यापासून माझी झोप गेली. त्या कॅमेऱ्यात रीळ कसं चढवतात हे मला नीट आठवत नव्हतं. म्हणून कुणाला न सांगता मी एक रीळ चढवलं आणि आठवडी बाजारात जाऊन तालीम केली. मिरच्या काढल्या, कांदे काढले, एका पांढऱ्या बोकडाने तर भिंगाला नाकच लावलं. रीळ संपल्यावर ते डब्यात घालून मी बाकीच्या दोन डब्यांशेजारी ठेवलं.

आता त्या डब्यावर 'वापरलेलं' असं लिहायला काय हरकत होती? पण लिहिलं की डायरेक्टरला कळणार, आणि मग हात बसलेला असल्याची थाप उघडी पडणार. शिवाय त्याचे दोस्त माझ्या अपरोक्ष डबे उघडून आत काय आहे ते पाहतील, असा मला संशय होता. उजेड लागला की रिळाचं मातेरं. म्हणून आत काय आहे हेच कुणाला कळू नये अशा बेताने तिन्ही डब्यांवरची लेबलं मी खरवडून काढली आणि वापरलेल्या डब्याच्या झाकणावर कुंकवाचा बारीक ठिपका लावला. फक्त मला कळेल अशी खूण. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन मी त्या दिवशी दोनदा चहा प्यायलो.

मग आली खंडेनवमी. शेतकऱ्याचे विळे-कोयते, सुताराची करवत, तसे माझे कॅमेरे त्या दिवशी पाटावर बसतात. मी मेहकरला एका साखरपुड्याला गेलो होतो. संध्याकाळी परतलो तर बायकोने पूजा उरकली होती. कॅमेरे, भिंगं, ट्रायपॉड, आणि ओळीत मांडलेले तीन डबे. तिन्ही चकचकीत. तिन्हींवर हळदीचं एक आणि कुंकवाचं एक बोट.

"डबे पुसले काय तू?"

"मंग? पारोशेच ठेवू का पाटावर? एकावर तं कायचा तरी लाल डाग पडला होता."

मी डबे उचलून फळीवर ठेवले. ठिपक्याचं सांगितलं असतं तर आधी बाजार सांगावा लागला असता.

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी उडी ठरली. तिथे मी अट घातली: रीळ फिरत असताना एकही मोबाईल नको. मला पक्कं ठाऊक होतं, डायरेक्टर बाजूने मोबाईलवर काढून घेणार, तेच पिक्चरात लावणार आणि माझं रीळ सोयीस्कर विसरणार.

"काका, एक मोबाईल ठिवू ना कोपऱ्यात. बॅकअप."

"माह्यावर भरोसा नाही का?"

"हाये ना."

"मंग बॅकअप कायले पायजे?"

त्याने खिशातून मोबाईल काढून माझ्या हातात दिला. द्यायला नको होता, असं आता वाटतं. सगळे मोबाईल एका टोपल्यात टाकून वर मी माझं उपरणं झाकलं. बघ्यांनाही येऊ दिलं नाही, न जाणो कुणी खिशात दुसरा मोबाईल आणायचा. जागेवर आम्ही तिघंच. घरी मी तीन डब्यांतला एक निवडला होता. तीन वेळा हलवून, वास घेऊन, अगदी पूर्ण खात्रीने.

मास्तर धाब्याच्या कडेला सकाळी नऊला उभा राहिला आणि साडेदहापर्यंत तसाच राहिला. दोनदा बसला. एकदा खाली न पाहता विचारलं, "भाऊ, कुटार हललं तं नाही ना?"

"हाये तिथंच हाये, मास्तर."

"पाहून सांगा बरं."

शेवटी कुणी काही न म्हणता त्याने एकदम हात वर केले आणि उडी मारली. कॅमेरा करकरला. तो कुटारात कमरेपर्यंत गेला, ठरल्याप्रमाणे त्याने मुखवटा काढून भिंगाकडे पाहिलं, आणि मग अंग खाजवायला लागला. सोयाबीनचं कुटार पुढे तीन दिवस खाजत होतं त्याला. पण चेहरा असा उजळला होता, की माझ्यासारख्या माणसालाही क्षणभर कुणावर संशय घ्यावासा वाटला नाही.

गावाने मात्र घेतला. मोबाईल जमा केले, बघ्यांना हाकललं, म्हणजे काहीतरी काळंबेरं. दुसऱ्या दिवशी हॉटेलवर निकाल लागला: मास्तर उडलाच नाही, पोशाखात कुटार भरून वरून बुजगावणं फेकलं. लोक मास्तरच्या दुकानासमोरून जाताना विचारू लागले, "काय हो, तुमचं बुजगावनं कसं हाये? लागलं तं नाही ना त्याले?"

हे सगळं मास्तरने हसण्यावारी नेलं असतं. पण घरात त्याचे अब्बा होते. जन्मभर टेलरकाम केलेले, आता पाय गेल्यामुळे खाटेवर. ही गोष्ट तिथवर पोचली. अब्बांनी मुलाला एवढंच विचारलं, "तू खरंच मारली?" मुलगा हो म्हणाला. अब्बांनी कूस बदलली.

मास्तर माझ्या स्टुडिओत येऊन बसला. "भाऊ, तुमचं रीळ कधी येते?"

"येईल आठ-पंधरा दिवसांत."

"त्यात माह्यं थोबाड दिसते ना? मुखवटा काढल्यावर?"

"म्हणजे काय. बिलकुल दिसते."

"बस. तेवढंच पायजे. अब्बाले दाखवतो." मग दारातून वळून तो म्हणाला, "लोकांचं काय नाही. अब्बानं तोंड फिरवलं म्हनून."

ते आठ-पंधरा दिवस मी तीन हळदी-कुंकवांचा विचार करत काढले. रीळ मुंबईला धुवायला गेलं होतं. परत आलं ते रीळ नव्हे, त्यावरून बनवलेली फाइल, डायरेक्टरच्या मोबाईलवर. एवढा खटाटोप करून शेवटी मोबाईलमध्येच आलं, हे मी त्याला ऐकवणार होतो. पण त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "काका, हे काय हाये?"

बाजार होता. उलटा, आणि त्याच्यावरच मास्तरची उडी. एकदा वापरलेलं रीळ शेपटाकडून पुन्हा चढवलं की पहिलं चित्र डोकं खाली, पाय वर आणि शेवटाकडून सुरुवातीकडे असं चालतं, हे ज्ञान मला तेव्हा झालं. बाया डोक्यावर चालत मागे मागे जात होत्या. धाब्यामागच्या लख्ख आभाळात बाजार पुसला गेला होता, पण मास्तरचा पोशाख गडद निळा. तो हवेत झेपावला, आणि त्याच्या अंगात सगळा बाजार उतरला. छातीत मिरच्यांचे ढीग, पोटात कांदे, मांड्यांमध्ये माणसं. कुटाराच्या ढिगावर बाजाराचं पांढरं आभाळ येऊन बसलं होतं, त्यामुळे तो पडला कुठे ते कळेना. मग त्याने मुखवटा काढला. नेमक्या त्याच जागी बोकड आला होता. मुखवट्याखालून उलटा, पांढरा, रवंथ करणारा बोकड.

मी आधी मुंबईवाल्यांवर संशय घेतला. मग डायरेक्टरवर. मग दोघंही संपले आणि मीच उरलो. सांगून टाकलं. बाजार, ठिपका, खंडेनवमी, सगळं.

डायरेक्टरने मोबाईल खिशात घातला. "तुमी मोबाईल टोपल्यात टाकले होते," तो म्हणाला. आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं.

मास्तरला सांगायला आम्ही दोघं त्याच्या घरी गेलो. वाटेत 'आलं, आलं' म्हणत हॉटेलवरची अर्धी माणसं मागे लागली आणि दारात दाटीने उभी राहिली. मी मास्तरला बाजूला घेऊन सांगू लागलो, पण खाटेवरून अब्बा म्हणाले, "जे काय हाये ते इकडं दाखवा."

डायरेक्टरने सोबत आणलेला लॅपटॉप उशीजवळ ठेवून फाइल लावली. मी सगळ्यांसमोर माझी चूक सांगितली. दारातून कुणीतरी म्हणालं, "पाह्य, बुजगावनं झाकायले बाजार चढवला त्यायनं." हसणंही आलं. मास्तर खाली पाहत उभा होता. बोकड आला तेव्हा तर दारात खोकल्याची साथ आली.

अब्बा हसले नाहीत. "मागं घे," ते म्हणाले. "अजून. थांबव."

चित्र थांबलं. हवेतला निळा माणूस, अंगात बाजार, हात वर. उजव्या काखेत एक पांढरी फट चमकत होती. मी ती तोवर दहादा पाहिली होती आणि रिळावरचा ओरखडा समजून चाललो होतो.

"हे बनियन हाये," अब्बा म्हणाले. "पोशाख आन."

मास्तरने आतून निळा पोशाख आणला. अब्बांनी तो पोटावर पसरला, उजवी बाही उलटी केली आणि बोट घातलं. काखेत चार बोटं उसवलेलं होतं. ते कुणाच्याच, शिवणाऱ्याच्यासुद्धा, ध्यानात आलं नव्हतं.

"कुटार भरलेल्या कपड्याची काख उसवत नाही," अब्बा दाराकडे न पाहता म्हणाले. "आतल्या मानसानं जोर लावून हात वर केला तरच उसवते. अन् त्याच्या आत बनियन कोन घालते बुजगावन्याले?"

दारातल्या गर्दीतून, मागून एकाचा हळू आवाज आला, "मंग खरंच मारली का बे यानं?"

अब्बांचं मात्र संपलं नव्हतं. त्यांनी मुलाकडे पाहिलं. "बाही आखूड कापली. हात उचलाचा होता तं काखेत चौकोनी तुकडा जोडायले काय झालं होतं? इतकी वर्षं काय शिकवलं तुले?"

"ध्यानात नाही राह्यलं, अब्बा," मास्तर म्हणाला. त्याचा चष्मा धूसर झाला होता.

मी घसा साफ केला. हा बाजार म्हणजे गावाची ताकद हिरोच्या अंगात येते असं काहीतरी आहे, आणि ते मी मुद्दाम केलं असंही म्हणता येईल, हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं. अब्बांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मी ते गिळलं.

"पुन्हा लाव," ते डायरेक्टरला म्हणाले. "पयल्यापासून."

त्याने लावलं. मग आणखी एकदा. दारातली माणसं एकेक करून आत येऊन जमिनीवर बसली. मास्तर खाटेच्या कडेला टेकला होता, आणि निळा माणूस धाब्याच्या टोकाला आला की दर वेळी त्याची बोटं खाटेची दांडी घट्ट धरत होती.